विसण घालणारी झडप

न्हाणीघरातला तांब्याचा बंब आमच्या पिढीतल्या बऱ्याच जणांना आठवत असेल. तोटीखाली बादली ठेवून कढत पाणी काढायचे आणि मग त्यात बेताचे विसण घालायचे. विसण पुरेसे झाले की नाही हे आईचा हात ठरवीत असे. तान्ह्या बाळाला न्हाऊ घालायचे असेल तर हातावरही भरवसा नसे, कोपर बुडवून पाहायची रीत होती. तळहाताची कातडी कामाने राठ झालेली असते, कोपराची तशी नसते. म्हणजे ही रीत शास्त्राला धरूनच होती.

आता विचार करा. हा हात तीन कामे एकदम करतो. तो तापमान ओळखतो, ते हवे त्यापेक्षा जास्त की कमी हे ठरवतो आणि त्याप्रमाणे विसण घालतो किंवा थांबवतो. हीच तिन्ही कामे वीज नसलेल्या, मुठीएवढ्या पितळी झडपेकडून करून घ्यायची असतील तर? या प्रश्नाचे उत्तर सापडायला सुमारे तीनशे वर्षे लागली.

सुरुवात झाली ती अंड्यांपासून. सतराव्या शतकाच्या पूर्वार्धात कोर्नेलिस ड्रेबेल (१५७२–१६३३) या डच संशोधकाने अंडी उबवण्याची पेटी तयार केली. कोंबडीची ऊब सतत सारखी असते, विस्तवाची नसते. ड्रेबेलने पेटीत मद्यार्क भरलेले भांडे ठेवले आणि त्याला पाऱ्याची नळी जोडली. पेटी तापली की मद्यार्क प्रसरण पावे, पारा वर चढे, पाऱ्यावर टेकलेली दांडी उचलली जाई आणि विस्तवाच्या धुराची वाट आवळली जाई. विस्तव मंद होई, पेटी निवे आणि वाट पुन्हा मोकळी होई. तापमानाने स्वतःच स्वतःला आवर घालावा, ही कल्पना येथे प्रत्यक्षात उतरलेली दिसते.

पुढचा धागा घड्याळाचा आहे. जॉन हॅरिसन या इंग्रज कारागिराने १७४० साली आपल्या तिसऱ्या सागरी घड्याळाचे काम हाती घेतले. उष्णतेने घड्याळाची गती बदलू नये म्हणून त्याने पितळ आणि पोलाद यांच्या पट्ट्या एकमेकींना जोडल्या. पितळ जास्त प्रसरण पावते, पोलाद कमी. त्यामुळे जोडपट्टी तापली की वाकते. हीच युक्ती वापरून स्कॉटलंडचे रसायनशास्त्रज्ञ अँड्र्यू यूर यांनी १८३० साली तापमान राखणाऱ्या उपकरणाचे पेटंट घेतले. 'थर्मोस्टॅट' हा शब्दही त्यांचाच.

या इतिहासात एक शिक्षकही आहे. अमेरिकेतील विस्कॉन्सिन राज्यात, व्हाइटवॉटर येथील अध्यापक विद्यालयात वॉरन जॉन्सन शिकवीत असत. वर्ग किती गरम झाला हे पाहण्यासाठी शिपायाला वरचेवर वर्गात यावे लागे आणि मग तळघरात जाऊन झडपा फिरवाव्या लागत. शिकवण्यात व्यत्यय येई तो वेगळाच. जॉन्सन यांनी वर्गात विजेवर चालणारी तापमानपट्टी बसवली आणि तिची घंटी तळघरात नेली. १८८३ साली त्यांना तिचे पेटंट मिळाले. वर्गातली कटकट हीसुद्धा शोधाची जननी असू शकते, हे आपण शिक्षकांनी लक्षात ठेवण्याजोगे आहे.

नळाच्या पाण्यासाठी मात्र धातूची जोडपट्टी तितकीशी उपयोगी नव्हती. ती वाकते, पण तिचा जोर बेताचा. दाबाखाली वाहणाऱ्या पाण्यात झडप सरकवायची तर अंगात ताकद हवी. ती मिळाली मेणात. मेण वितळताना त्याचे आकारमान दहा टक्क्यांहून अधिक वाढते आणि बंद डबीत कोंडलेले मेण ही वाढ मोठ्या जोराने बाहेर ढकलते. १९३० च्या दशकात सर्जियस व्हर्ने यांनी मेणाने भरलेली धातूची डबी आणि तिच्यातून बाहेर सरकणारी दांडी, अशी रचना केली. प्रथम ती मोटारीच्या इंजिनाचे तापमान राखण्यासाठी वापरात आली आणि नंतर न्हाणीघरापर्यंत पोचली.

विसण घालणाऱ्या झडपेत हीच डबी मिसळलेल्या पाण्याच्या वाटेत बसवलेली असते. पाणी जास्त गरम झाले की मेण वितळते, दांडी पुढे येते, गरम पाण्याचे तोंड आवळले जाते आणि थंड पाण्याचे उघडते. पाणी निवले की मेण आकसते व स्प्रिंग सारे मागे ढकलते. थंड पाणी अचानक बंद पडले तर गरम पाण्याचे तोंड जवळजवळ पूर्ण मिटते.

एवढा खटाटोप कशासाठी? टाकीतले पाणीच कमी तापवले तर काम भागणार नाही का? येथे दोन वेगळ्या संशोधनांची गाठ पडते.

१९४७ साली मॉरिट्झ आणि हेन्रीकेस या अमेरिकी संशोधकांनी त्वचा किती तापमानाला किती वेळात भाजते याची मोजमापे प्रसिद्ध केली. ४४ अंश सेल्सियसला सुमारे सहा तास लागतात. त्यापुढे ५१ अंशांपर्यंत दर अंशागणिक हा वेळ साधारण निम्मा होतो. विद्यार्थ्यांना हे गणित करायला द्यावे. ३६० मिनिटे पाच वेळा निम्मी केली की ४९ अंशांसाठी सुमारे ११ मिनिटे येतात. प्रयोगातला आकडा नऊ-दहा मिनिटांचा आहे. ६० अंशांना मात्र अवघे पाच सेकंद पुरतात. पाच सेकंदांत मोठा माणूस हात मागे घेईल, पण टबातले मूल किंवा गुडघे धरलेली आजी काय करणार? अशा अपघातांकडे बालरोगतज्ज्ञांनी लक्ष वेधल्यावर अमेरिकेतील वॉशिंग्टन राज्याने १९८३ साली कायदा केला. नवे हीटर ४९ अंशांवर ठरवूनच विकायचे.

दुसरी घटना १९७६ च्या जुलै महिन्यातली. फिलाडेल्फियातील एका हॉटेलात माजी सैनिकांचे अधिवेशन भरले होते. त्यानंतर अनेकांना विचित्र न्यूमोनिया झाला आणि २९ माजी सैनिक दगावले. कारण असलेला जीवाणू काही महिन्यांच्या शोधानंतर सापडला व त्याला लेजिओनेला नाव मिळाले. हा जीवाणू कोमट पाण्यात, विशेषतः ३५ अंशांच्या आसपास, झपाट्याने वाढतो. पाण्याच्या तुषारांतून तो फुप्फुसांत शिरतो. ६० अंशांना मात्र तो तग धरत नाही.

म्हणजे जीवाणूसाठी टाकी ६० अंशांवर हवी आणि कातडीसाठी नळ ५० अंशांच्या आत हवा. हे भांडण मिटवते ती आपली झडप. ऑस्ट्रेलियातील नियमांनी हाच मार्ग धरला. साठवण किमान ६० अंशांवर आणि न्हाणीघरात जास्तीत जास्त ५०. शाळा, बालवाड्या आणि वृद्धाश्रम यांच्यासाठी मर्यादा ४५ अंशांची.

ऑस्ट्रेलियात संशोधनासाठी राहत असताना आम्हांला या झडपेची खरी ओळख झाली ती ती अडकल्यावर. एका सकाळी न्हाणीघरात पाणी कोमटच येऊ लागले. टाकी बिघडली असे आम्ही ठरवूनच टाकले होते. पण स्वयंपाकघरातला नळ कढत पाणी देत होता. तो झडपेच्या आधी जोडलेला, न्हाणीघर झडपेच्या पुढे. मग दोष टाकीत कसा असेल? तिकडे हे काम परवानाधारक प्लंबरनेच करायचे असते. आम्ही शेजारी उभे राहून पाहत होतो.

त्याने आधी गरम आणि थंड, दोन्ही वाटा बंद केल्या, नळ उघडून दाब सोडला आणि झडपेच्या टोपीची जागा खुणेने नोंदवून ठेवली. आत पांढरा खडबडीत थर होता. दुष्फेन पाणी तापले की त्यातील विरघळलेले कॅल्शियम बायकार्बोनेट मोडते आणि न विरघळणारे कॅल्शियम कार्बोनेट मागे राहते. गरम तोंडाजवळ ते साचले होते आणि सरकणारा भाग तिथेच अडकला होता. त्याने गरम वाटेवरची जाळी धुतली, धातूचे भाग पांढऱ्या व्हिनेगरमध्ये बुडवले. फसफसून बुडबुडे आले, दहावीच्या प्रयोगवहीतले! मऊ ब्रशने राहिलेला थर निघाला. मेणाची डबी त्याने गरम पाण्यात धरली. दांडी बाहेर आली, थंड पाण्यात आत गेली. डबी शाबूत होती. ती हलली नसती तर साफ करून उपयोग नव्हता, बदलावीच लागली असती. रबरी कड्यांना सिलिकॉनचे ग्रीस लावून त्याने झडप पुन्हा बसवली आणि शेवटी नळाखाली तापमापी धरली. तापमापी पाहिल्याशिवाय तो गेला नाही.

जाताना त्याने सांगितलेली गोष्ट आम्ही विसरलो नाही. झडप थंड बाजूला अडकली तर घरचे लोक त्याच दिवशी तक्रार करतात. गरम बाजूला अडकली तर कोणी बोलत नाही, उलट पाणी छान तापते म्हणून खूश होतात, आणि तीच झडप कोणाला तरी भाजते.

आज महाराष्ट्रातही गच्चीगच्चीवर सौर बंब आहेत. उन्हाळ्यात त्यांतले पाणी ६० अंशांच्या वर सहज जाते आणि विसण घालणारी झडप बहुतेक घरांत नसते. तोवर जुनी रीत पाळावी. बादलीत आधी थंड पाणी घ्यावे, मग गरम सोडावे आणि कोपर बुडवून पाहावे.

वर्गात करण्याजोगा एक प्रयोग सांगतो. परीक्षानळीत मेणबत्तीचे मेण घालून ती गरम पाण्यात धरा. मेण पूर्ण वितळले की पातळीवर खूण करा आणि थंड होऊ द्या. गोठलेल्या मेणाच्या मधोमध खड्डा पडलेला दिसेल. शेजारी बर्फाचा तुकडा ठेवून विद्यार्थ्यांना विचारा, पाणी गोठताना असा खड्डा का पडत नाही? आणि मेणाऐवजी पाणी भरून ही झडप करता आली असती का?