मध्येच बोललात, तर घोंगडी गेली

घोंगडी घट्ट लपेटून घ्या. डोंगरमाथ्यावरचं बिब्राक्ते हे एदुई लोकांचं प्राचीन गॉलमधलं, म्हणजे आजच्या फ्रान्समधलं, मोठं गाव आणि सकाळचा गारठा इथे हाडांत शिरतो. पुढ्यात वीसेक मीटर रुंदीचा दरवाजा. तटाच्या दगडांमधून तुळयांची तोंडं डोकावताहेत.

आत पाऊल टाकताच धग लागते. लोहारांची आळी आहे ही. भाते धापा टाकताहेत, ऐरणींचा ठणका कानांत बसतो, घशात कोळशाचा धूर. खारवलेल्या डुकराच्या मांसाच्या वासाने भूक चाळवते. बैलगाडीतून इटलीच्या द्राक्षदारूचे निमुळते कुंभ उतरताहेत. लोक ती पाणी न घालता पितात, मग भरघोस मिशांवरून थेंब ओघळतात.

गर्दी तुम्हाला ढकलत सभेकडे नेते. वाद व्हर्गोब्रेटचा आहे. हा राजा नव्हे; वर्षभरासाठी निवडलेला प्रमुख. पण त्या वर्षात कुणाला जगवायचं, कुणाला मारायचं, हे त्याच्या शब्दावर. म्हणून तर त्याला इतकी कुंपणं! यंदा मात्र दोघे म्हणताहेत, मीच व्हर्गोब्रेट: तरुण कॉन्विक्तोलितावीस आणि जुन्या घराण्यातला कोतस. कोतसला पुकारलं कुणी? त्याच्याच भावाने, वालेतियाकसने. गेल्या वर्षी पद त्याच्याकडे होतं. आणि कायदा तर असा, की एका घरातले दोघे हयात असताना दुसऱ्याला हे पद नाहीच, सरदारांच्या सभेतही जागा नाही.

चौकड्यांच्या विजारी, गळ्यांत पीळदार हसळ्या, घामाचा आणि ओल्या लोकरीचा दर्प. चहूकडून ओरडा. तुमच्याही तोंडून निघून जातं, “हे बरोबर नाही!”

नेमका तेव्हा दुसरा कुणी बोलत होता. नागवी तलवार घेऊन एक जण तुमच्यापुढे येतो. गप्प. तुम्ही पुन्हा बोलता. दुसऱ्यांदा, गप्प. तिसऱ्यांदाही तोच हुकूम. तरी जीभ आवरत नाही, आणि खर्र! घोंगडीचा एवढा मोठा तुकडा जातो, की उरलेली पांघरायच्या कामाची राहत नाही. खांद्यावर बोचरा वारा. शेजारचे हसतात. मला विचाराल तर मध्येच तोंड घालणाऱ्याला याहून नेमकी शिक्षा सापडायची नाही.

कुडकुडत दरवाज्याकडे निघा. तुम्ही हवं तिथे जाऊ शकता. व्हर्गोब्रेटला मात्र एदुईंची हद्द ओलांडायची मनाई आहे. म्हणूनच हा तंटा सोडवायला त्याला रोमच्या छावणीत बोलावणं आलं नाही. रोमचा सेनापती सीझर स्वतः उठून एदुईंच्या देसेतिया गावी आला.