बडतर्फ पोलिसाची पेन्शन : मेहेरबानी की कमाई?



पोलिसाने गंभीर गैरवर्तन केले, चौकशी झाली, तो बडतर्फ झाला. आधीच्या पंचवीस वर्षांच्या नोकरीची पेन्शन त्याला मिळावी का? शिरूर अनंतपाळच काय, कुठल्याही गावच्या पारावर विचारा. पटकन उत्तर येईल, एक छदाम देऊ नका. हा राग खोटा आहे असे आम्ही म्हणत नाही. पण पेन्शन म्हणजे नेमके काय, हे ठरल्याशिवाय ती काढून घ्यावी की नाही हे ठरवता येत नाही. म्हणून आधी थोडा इतिहास पाहू.

1818 साली दुसऱ्या बाजीरावाने राज्य सोडले. कंपनी सरकारने त्याला सालीना 8 लाख रुपयांचा तनखा बांधून दिला. 1851 मध्ये तो ब्रह्मावर्तास वारला. दत्तकपुत्र नानासाहेबांनी तनखा पुढे चालू ठेवावा म्हणून अर्ज केले, ते कंपनीने फेटाळले. तनखा म्हणजे देणाऱ्याची मर्जी, ही त्यामागची समजूत. तीच 1871 च्या पेन्शन कायद्यात उतरली. पेन्शनीबद्दल दिवाणी दावा लावायचा तर आधी सरकारी अधिकाऱ्याचा दाखला हवा! म्हणजे ज्याच्याविरुद्ध तक्रार, त्याच्याच दारात परवानगी मागायची.

स्वतंत्र भारतात ही समजूत बदलली. 1971 मध्ये देवकीनंदन प्रसाद खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने पेन्शन ही मालमत्ता आहे, सरकारच्या मर्जीचा विषय नाही, असे सांगितले. पुढे 17 डिसेंबर 1982 रोजी नाकारा खटल्यात, सरन्यायाधीश यशवंतराव चंद्रचूड यांच्या अध्यक्षतेखालील पाच न्यायमूर्तींनी ती केलेल्या सेवेचा मोबदला असल्याचे म्हटले. बक्षीस नव्हे.

आता गंमत बघा. त्याच 1982 च्या ऑगस्टमध्ये आपला लातूर जिल्हा उस्मानाबादेतून वेगळा झाला आणि त्याच ऑगस्टच्या 15 तारखेपासून महाराष्ट्राचे निवृत्तिवेतन नियम लागू झाले. त्या नियमांत मात्र जुनी समजूत टिकून राहिली. बडतर्फी झाली की मागची सगळी सेवा जप्त. सेवाच उरली नाही, मग पेन्शन कशाची? न्यायालय म्हणते कमाई, नियम म्हणतो चांगल्या वागणुकीवर अवलंबून. आजही आपण या दोन्हींच्या मध्ये उभे आहोत.

शिक्षा अपराधाच्या मापाने असावी, हे न्यायाचे साधे तत्त्व. इथे काय होते? दोन शिपायांनी कोठडीतल्या एकाच माणसाला मारले, दोघेही बडतर्फ झाले. एकाची नोकरी पाच वर्षांची. त्याला पेन्शन लागूच झालेली नव्हती, कारण किमान दहा वर्षांची सेवा लागते. दुसऱ्याची अठ्ठावीस वर्षांची, त्याचे सगळे गेले. गुन्हा एक, दंड दोन. ज्येष्ठाला जास्त समज असावी हे मान्य, पण नियम समज मोजत नाही, वर्षे मोजतो. आणि हेच कृत्य निवृत्तीनंतर उघडकीस आले तर? मग नियम 27 खाली पेन्शन पूर्ण किंवा अंशतः रोखता येते खरी, पण घटना चार वर्षांहून जुनी असेल तर नवी खातेनिहाय चौकशी सुरू करता येत नाही. म्हणजे लवकर सापडला तो बुडाला, उशिरा सापडला तो बचावला.

केंद्राच्या नियमांत एक खिडकी आहे. बडतर्फ माणसाचे प्रकरण खास विचार करण्याजोगे असेल तर दोन तृतीयांशांपर्यंत अनुकंपा भत्ता देता येतो. दिल्लीच्या एका बडतर्फ शिपायाच्या प्रकरणात 2014 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने त्याची कसोटी सांगितली : प्रत्येक बडतर्फीकडे एकाच नजरेने पाहू नका. कृत्य अप्रामाणिक होते का, स्वतःच्या लाभासाठी होते का, दुसऱ्याला मुद्दाम इजा करणारे होते का, हे तपासा. गैरहजर राहणारा आणि कोठडीत माणूस मारणारा एका मापाचे नाहीत.

आता मुख्य मुद्दा. जप्त झालेली पेन्शन जाते कुठे? सरकारी तिजोरीत. ज्याने मार खाल्ला, ज्या बाईचा नवरा कोठडीत गेला, तिला त्यातला रुपया मिळत नाही. ती नुकसानभरपाईचा हुकूमनामा घेऊन आली, तरी एरवीही पोलिसाच्या पेन्शनीवर जप्ती आणता येत नाही. 1871 च्या त्याच कायद्याचे कलम 11 आडवे येते. म्हणजे पीडिताला हात लावता येत नाही, सरकार मात्र सगळी घेऊ शकते. ज्या सरकारने त्याला भरती केले, वर्दी दिली, त्याच्यावर देखरेख ठेवायची होती, त्याचीच या गुन्ह्यात बचत होते! आणि उपाशी कोण राहते? बहुधा शिपायाची बायको आणि पोरे, ज्यांनी काठी उचललेली नव्हती.

आमचे मत असे की प्रामाणिक वर्षांची कमाई सरसकट पुसू नये. ज्याने नोकरीभर लाचच खाल्ली, त्याची अशी वर्षे फारशी उरणारही नाहीत. पण ती सगळी गुन्हेगाराच्या हातातही देऊ नये. किती कापायचे हे कृत्य पाहून ठरावे, कारणे लिहून ठरावे. कापलेला वाटा आधी पीडिताकडे जावा, उरलेल्यातून अवलंबितांचे पोट भरावे. जरब कमी होईल, असे कोणी म्हणेल. नोकरी गेली, वर्दी गेली, फौजदारी खटला डोक्यावर राहिला, ही जरब थोडी नाही. आणि दरमहा आपल्या पेन्शनीतून एका विधवेला पैसे जात आहेत हे पाहणे, ही त्याहून मोठी जरब ठरेल असे आम्हाला वाटते.