नॉर्डिक नॉयर आणि मराठवाडा

नॉर्डिक नॉयर : डेन्मार्क, स्वीडन, नॉर्वे, आइसलँड व फिनलंड या उत्तर युरोपीय देशांतल्या संथ, उदास वळणाच्या गुन्हेकथांना रूढ झालेले नाव. आधी कादंबऱ्या आणि पुढे दूरचित्रवाणी मालिका असा या प्रकाराचा प्रवास आहे. ‘नॉयर’ हा ‘काळा’ या अर्थाचा फ्रेंच शब्द. खुनी कोण, या प्रश्नाइतकाच खून झाला त्या घराचे पुढे काय झाले, हा प्रश्न या मालिकांना महत्त्वाचा वाटतो. मराठीत या प्रकाराच्या सर्वांत जवळ जाणारे काम परभणी जिल्ह्यातल्या मानवतच्या खून प्रकरणावर झाले आहे. चौसाळा हे बीड तालुक्यातले, धुळे–सोलापूर महामार्गावरचे गाव. तिथून बीड, माजलगाव, पाथरी करत मानवतला जाता येते. ही नोंद चौसाळ्याच्या बाजूने, मराठवाड्यातल्या प्रेक्षकाच्या नजरेने लिहिली आहे.

या प्रकाराचे मूळ स्वीडनमध्ये सापडते. माय शोवाल आणि पेर वालो या जोडप्याने १९६५ ते १९७५ या काळात मार्टिन बेक या पोलीस अधिकाऱ्यावर दहा कादंबऱ्या लिहिल्या. दोघेही डाव्या विचारांचे होते. स्वीडनचे सरकार स्वतःला जनतेचे घर म्हणवत असे. त्या घराच्या भिंतींना गेलेले तडे दाखवायला त्यांनी पोलीसतपासाची चौकट घेतली. पुढे २८ फेब्रुवारी १९८६ च्या रात्री पंतप्रधान उलॉफ पाल्मे यांचा स्टॉकहोमच्या रस्त्यावर गोळी घालून खून झाला. सिनेमा पाहून ते पत्नीबरोबर पायी घरी निघाले होते आणि सोबत अंगरक्षक नव्हता. एका आरोपीला शिक्षा झाली, पण अपिलात तो सुटला. सगळे सुरळीत चालले आहे, या समजुतीला तेव्हा बसलेला धक्का पुढच्या सगळ्या स्वीडिश गुन्हेकथांत झिरपलेला आहे. हेन्निंग मांकेल यांचा वॉलँडर हा इस्टाड या लहानशा गावातला फौजदार तर प्रत्येक खुनाशी थबकून, आपल्या देशाचे हे काय झाले, असे विचारतो.

दूरचित्रवाणीवर खरे वळण आणले ते डेन्मार्कच्या सार्वजनिक वाहिनीवरील ‘फोरब्रुडेल्सन’ने. या शब्दाचा साधा अर्थ ‘गुन्हा’. सोरेन स्वाइस्ट्रुप यांनी लिहिलेली ही मालिका २००७ साली प्रसारित झाली. पहिल्या पर्वात वीस भाग, तपासाचे वीस दिवस आणि एका एकोणीस वर्षांच्या मुलीचा खून. सोफी ग्रोबोल यांनी साकारलेली तपास अधिकारी सारा लुंड कमी बोलते, एकच जाडजूड स्वेटर घालून हिंडते आणि स्वतःच्या संसाराची पडझड समोर दिसत असूनही तपास सोडत नाही. मालिका तीन पदरांनी विणलेली आहे. एका पदरात पोलीस, दुसऱ्यात कोपनहेगनच्या महापौरपदाची निवडणूक, तिसऱ्यात मुलीचे आईबाप. हा तिसरा पदर सर्वांत मोलाचा. बाप सामान हलवण्याचा धंदा करतो. धंदा थांबत नाही, धाकट्या मुलांना शाळेत सोडावेच लागते, स्वयंपाक करावाच लागतो, आणि या सगळ्यात मेलेल्या लेकीची खोली तशीच असते. आपल्याकडच्या बहुतेक गुन्हेमालिकांत प्रेत सापडले की आई एकदा हंबरडा फोडते आणि पुढच्या प्रसंगात दिसेनाशी होते. इथे ती वीस भाग आपल्यासमोर असते. शोकाला इतका वेळ देणे, ही या प्रकाराची सर्वांत मोठी देणगी आहे.

२०११ मध्ये बीबीसीच्या चौथ्या वाहिनीने ही मालिका मूळ डॅनिश भाषेत, खाली इंग्रजी अक्षरे देऊन दाखवली आणि वाचत वाचत मालिका पाहण्याची सवय नसलेल्या ब्रिटिश प्रेक्षकाने ती उचलून धरली. त्याच वर्षी आलेल्या ‘ब्रोएन’ या मालिकेत स्वीडन आणि डेन्मार्कला जोडणाऱ्या ओरेसुंड पुलावर, नेमके सरहद्दीवर, एक प्रेत सापडते. ते उचलताना कळते की ते दोन वेगवेगळ्या बायकांच्या अर्ध्याअर्ध्या देहांचे आहे. दोन्ही देशांचे पोलीस एकत्र काम करतात आणि आपापल्या भाषेत बोलतात; समोरच्याला ती बहुतेक कळते. मराठी आणि दखनी एकाच बाजारात ऐकत वाढलेल्या बीडच्या माणसाला यात काही नवल वाटू नये.

या मालिकांचे आकर्षण बर्फात, धुक्यात आणि लवकर मावळणाऱ्या दिवसांत आहे असे सांगितले जाते. ते खरे आहे, पण वरवरचे. उत्तर युरोपातल्या प्रेक्षकाला धक्का बसतो तो इतकी नीट चालणारी व्यवस्था कमी पडली याचा. मराठवाड्यातला प्रेक्षक तीच मालिका उलट्या बाजूने पाहतो. एका सामान्य घरातल्या पोरीसाठी सरकारी यंत्रणा वीस दिवस झोपत नाही, एक बाई अधिकारी पुन्हा पुन्हा त्याच दारात येऊन तेच प्रश्न विचारते, हेच त्याला अपूर्वाईचे वाटते. ज्याने फिर्याद नोंदवण्यासाठी ठाण्याच्या बाकावर दिवस काढला आहे, त्याला सारा लुंडचा हट्ट फार खोलवर भिडतो.

मराठी गुन्हेकथेची परंपरा मात्र दुसऱ्या वाटेने आली. बाबूराव अर्नाळकरांनी हजारांहून अधिक रहस्यकथा लिहिल्या. त्यांचे झुंजार आणि काळा पहाड हे नायक धाडसी आणि अजिंक्य. मुंबई दूरदर्शनवर बी. पी. सिंग यांनी पोलिसांच्या खऱ्या तपासांवर ‘एक शून्य शून्य’ ही मालिका केली. तिच्यातले शिवाजी साटम पुढे १९९८ पासून सिंग यांच्याच ‘सीआयडी’मध्ये घराघरांत पोचले. तिथे गुन्हा एकदोन भागांत उकलतो. रोजच्या मालिकांत उलट होते. प्रकरण महिनोन्महिने ताणले जाते आणि ताणता ताणता गुन्हेगारच नायक होतो. २०२० मध्ये सुरू झालेली ‘देवमाणूस’ त्याचे ठळक उदाहरण. ठरावीक भागांत संपणारी, एकाच जखमेशी थांबणारी मालिका मराठीत विरळा. २०१७ची ‘रुद्रम्’ हा सन्माननीय अपवाद : लेखक गिरीश जोशी, दिग्दर्शक भीमराव मुडे, मुख्य भूमिकेत मुक्ता बर्वे.

याच गिरीश जोशींचे नाव पुढे ‘मानवत मर्डर्स’ या मालिकेशी जोडले गेले. मूळ प्रकरण असे : नोव्हेंबर १९७२ ते जानेवारी १९७४ या काळात मानवत परिसरात एकामागून एक मुली आणि बाया मारल्या गेल्या. तो मोठ्या दुष्काळाचा काळ. माणसे खडी फोडायला दुष्काळी कामांवर जात होती; पोरी रानात, पाणवठ्यावर एकट्या असत. वर्ष उलटले तरी स्थानिक तपासाला दिशा सापडेना. अखेर मुंबई गुन्हे शाखेचे रमाकांत कुलकर्णी यांना पाठवण्यात आले. १९६८ मध्ये मुंबईत साखळी खून करणाऱ्या रामन राघवला पकडणाऱ्या तपासाचे हेच प्रमुख. पिंपळाखालच्या गुप्तधनावर मुंजाचा पहारा आहे आणि कुमारिकेच्या रक्तावाचून तो हटत नाही, या समजुतीतून हे बळी दिले गेले, असे सरकारपक्षाचे म्हणणे होते. गावातली वजनदार माणसे आरोपी होती. खटला सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला आणि मुख्य आरोपी मानले गेलेले दोघे तिथे सुटले. मेलेल्या मुलींच्या आईबापांच्या पदरात काय पडले, याची नोंद कोणत्याही निकालपत्रात असत नाही.

या प्रकरणावर अमोल पालेकरांनी १९८१ मध्ये ‘आक्रीत’ हा चित्रपट केला. दिग्दर्शक म्हणून तो त्यांचा पहिला चित्रपट. पटकथा विजय तेंडुलकरांची. पालेकर आणि चित्रा पालेकर यांनीच मुख्य भूमिका केल्या. खुनी कोण हे ‘आक्रीत’ दडवून ठेवत नाही. लोभ, अंधश्रद्धा आणि सत्ता एका घरात एकत्र कशा नांदतात, याच्याकडे तो पाहतो. नॉर्डिक नॉयर हे नाव रूढ होण्याच्या कितीतरी आधी मराठीने हे करून पाहिले होते, आणि हे पुरेसे सांगितले गेलेले नाही. २०२४च्या ऑक्टोबरमध्ये आशिष बेंडे दिग्दर्शित ‘मानवत मर्डर्स’ ही मालिका सोनी लिव्हवर आली. रमाकांत कुलकर्णी यांनी लिहिलेल्या आठवणी तिचा आधार. आशुतोष गोवारीकर कुलकर्णींच्या भूमिकेत. सोबत मकरंद अनासपुरे, सोनाली कुलकर्णी आणि सई ताम्हणकर. विनोदी भूमिकांसाठी ओळखल्या जाणाऱ्या अनासपुऱ्यांना थंड नजरेच्या पुढाऱ्याच्या जागी पाहताना अंगावर काटा येतो. इथे बर्फ नाही. ऊन आहे, काळी माती आहे, आणि गावाला ठाऊक असूनही कोणी न बोललेले शब्द आहेत. फिर्याद, जबानी, मुद्देमाल, फौजदार ही ठाण्याची भाषा या भागात आजही चालते. असे शब्द कानावर पडले की मालिकेचा तपास आपल्या गावातला वाटू लागतो.

नरबळी आणि जादूटोण्याविरुद्धचा कायदा महाराष्ट्रात झाला तो मानवतनंतर चार दशकांनी. त्याचा वटहुकूम ऑगस्ट २०१३ मध्ये निघाला, या कायद्यासाठी झटणारे डॉ. नरेंद्र दाभोलकर यांचा पुण्यात खून झाल्यावर काही दिवसांतच.

गुन्ह्याच्या मागे समाज शोधणाऱ्या या प्रकाराला बीड जिल्ह्यात विषयांची वाण नाही. २०११च्या जनगणनेत जिल्ह्यात सहा वर्षांपर्यंतच्या दर हजार मुलांमागे ८०७ मुली होत्या. त्या आकड्यातल्या गायब मुलींच्या मागे दवाखाने आहेत, दलाल आहेत, सासरची माणसे आहेत आणि गप्प बसलेले गाव आहे. ऊसतोड मजूर बायकांच्या गर्भाशय काढण्याच्या शस्त्रक्रियांचा प्रश्न २०१९ मध्ये गाजला. नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखालील समितीपुढे आलेल्या पाहणीत जिल्ह्यातल्या सुमारे ८२ हजार मजूर स्त्रियांपैकी १३ हजारांहून अधिक जणींची अशी शस्त्रक्रिया झालेली आढळली. एकच घर, एकच शस्त्रक्रिया, एकच मुकादम आणि एकच डॉक्टर घेऊन वीस भाग मांडता येतील इतका ऐवज यात आहे.

‘फोरब्रुडेल्सन’ची हिंदी आवृत्ती २०२५ मध्ये आली : रोहन सिप्पी दिग्दर्शित ‘सर्च : द नैना मर्डर केस’. सारा लुंडच्या जागी कोंकणा सेन शर्मा, आणि कोपनहेगनच्या जागी नवी मुंबई. चौसाळ्यात ती कोणी पाहिली असेल तर बहुधा मोबाइलवर, रात्री जेवणे उरकल्यावर. दसरा-दिवाळीच्या सुमारास गावावरून जाणाऱ्या धुळे–सोलापूर महामार्गाने ऊसतोड्यांचे ट्रक पश्चिम महाराष्ट्राकडे आणि कर्नाटकाकडे जाऊ लागतात, आणि मागे घरी म्हातारी माणसे आणि शाळेत जाणाऱ्या मुली राहतात.