प्रोपिलथायोयुरॅसिल आणि मूत्रपिंडदाह : एका दुष्परिणामाच्या ओळखीचा मागोवा

थायरॉईड ग्रंथीच्या अतिस्रावावरील आधुनिक औषधोपचाराचा आरंभ १९४३ मध्ये झाला. बोस्टन येथील एडविन अ‍ॅस्टवूड यांनी त्या वर्षी थायोयुरिया व थायोयुरॅसिल यांचे रुग्णांवरील परिणाम प्रसिद्ध केले. तोपर्यंत मुख्य भिस्त शस्त्रक्रियेवर होती. थायोयुरॅसिलमुळे रक्तातील श्वेतपेशी धोकादायक प्रमाणात घटत असल्याने त्याच दशकात त्याची जागा प्रोपिलथायोयुरॅसिलने घेतली. वैद्यकांचे लक्ष मात्र पुढेही श्वेतपेशींच्या संख्येवरच खिळून राहिले. या पेशी आणि मूत्रपिंड यांचा काही संबंध असेल, ही शंका येण्याजोगे ज्ञान तेव्हा नव्हतेच.

ते आले निराळ्याच वाटेने. १९८२ मध्ये ऑस्ट्रेलियातील डेव्हिस व त्यांच्या सहकाऱ्यांना मूत्रपिंडदाहाच्या काही रुग्णांच्या रक्तात स्वतःच्याच श्वेतपेशींविरुद्धची प्रतिपिंडे आढळली. थायरॉईडच्या औषधाचा तेथे विषयही नव्हता. १९८८ मध्ये अमेरिकेतील फॉक व जेनेट यांनी या प्रतिपिंडांचे एक लक्ष्य दाखवून दिले : श्वेतपेशींतील मायलोपेरॉक्सिडेज हे एन्झाइम. येथे कोडे उलगडू लागते. प्रोपिलथायोयुरॅसिल ज्याला रोखते ते थायरॉईड पेरॉक्सिडेज याच एन्झाइमकुळातील आहे. औषध श्वेतपेशींत साचते व मायलोपेरॉक्सिडेजशी संयोग पावते; बदललेले एन्झाइम शरीराला परके वाटत असावे, असे मानले जाते. म्हणजे गुण आणि अपाय यांचे मूळ बहुधा एकच.

१९९३ मध्ये नेदरलँड्समधील डोलमन व सहकाऱ्यांनी ‘लॅन्सेट’मध्ये हे औषध, ही प्रतिपिंडे आणि रक्तवाहिन्यांचा दाह यांची सांगड घातली. तत्पूर्वीच्या तुरळक नोंदी ‘अतिसंवेदनशीलता’ या सैल नावाखाली पडून होत्या. आजार जुना, कसोटी नवी, असाच हा प्रकार होय. २००९ च्या जपानी अभ्यासात अशा ९२ रुग्णांची छाननी झाली. त्यात प्रोपिलथायोयुरॅसिलमुळे हा विकार होण्याचे प्रमाण मेथिमॅझोलच्या सुमारे ३९ पट आढळले.

औषध वेळीच थांबविल्यास मूत्रपिंड बहुधा सावरते. उशीर झाल्यास स्टिरॉइड व सायक्लोफॉस्फामाइड द्यावे लागते, क्वचित डायलिसिसही. २०१० मध्ये अमेरिकी औषध प्रशासनाने या औषधावर ठळक इशारा छापावयास लावला, तो यकृताच्या हानीबद्दल. भारतात प्रचलित असलेले कार्बिमॅझोल शरीरात मेथिमॅझोलमध्ये रूपांतरित होते, त्यामुळे येथे धोका कमी. तथापि गरोदरपणाच्या पहिल्या तिमाहीत प्रोपिलथायोयुरॅसिललाच पसंती दिली जाते. लघवीतील रक्त व प्रथिने दाखविणारी साधी तपासणी त्या वेळीही अल्प खर्चात होऊ शकते.