संकटकाळातील स्वर : गोमंतकातील ओवी आणि भजन

देवालय पाडता येते, ग्रंथ जाळता येतो, शाळा बंद करता येते. परंतु आईच्या मांडीवर ऐकलेली ओवी मनातून काढून घेण्याचे साधन कोणत्याही राजसत्तेला आजवर सापडलेले नाही. गोमंतकाच्या गेल्या पाच शतकांच्या इतिहासाकडे पाहिले म्हणजे या विधानाची प्रचीती येते. राज्यकर्ते बदलले, देव स्थलांतरित झाले, कुळे दूरदेशी पांगली. अशा काळात सामान्य माणसाने धीर कशाच्या आधारावर धरला, याचे उत्तर दरबारी कागदपत्रांपेक्षा त्याच्या गाण्यात, काल्यात आणि भजनात अधिक स्पष्टपणे सापडते.

इ. स. १५१० मध्ये पोर्तुगीजांनी तिसवाडी बेट जिंकले आणि १५४३ मध्ये बारदेश व साष्टी हे महाल त्यांच्या ताब्यात गेले. तिसवाडीतील देवालयांचा विध्वंस १५४० च्या सुमारास झाला. साष्टीतील देवालयांवर १५६७ मध्ये तोच प्रसंग ओढवला. मध्यंतरी, १५६० साली, गोव्यात धर्मसमीक्षण सभा म्हणजेच इन्क्विझिशन स्थापन झाली. भाविकांनी आपली दैवते उचलली आणि जुवारी नदी ओलांडून आदिलशाहीच्या अंमलाखालील अंत्रुज महालात नेली. कुशस्थळीचा मंगेश प्रियोळला आला, केळशीची शांतादुर्गा कवळ्यास आली, वेर्ण्याची म्हाळसा म्हार्दोळला स्थिरावली. मठग्रामीचा, म्हणजे आजच्या मडगावचा, दामोदर कुशावतीच्या काठी जांबावलीस गेला. मूर्ती वाचल्या हे खरे. परंतु मूर्तीभोवती उभे असलेले गावाचे जीवन मागेच राहिले. ज्या तुळशीसमोर पुराण सांगितले जाई, ज्या सभामंडपात काला होई, ज्या वाटेने पालखी निघे, ती वाट, तो मंडप आणि ती तुळस सोबत नेता येण्यासारखी नव्हती.

मग सोबत काय नेता आले? जे पाठ होते, तेवढेच. या आपत्तीच्या आधीच गोमंतकात काव्याची परंपरा रुजलेली होती. केळशीच्या कृष्णदास शामा यांनी शके १४४८ मध्ये, म्हणजे इ. स. १५२६ साली, कृष्णचरित्रपर मराठी काव्याची रचना आरंभली होती. सोळाव्या शतकातील रामायण-महाभारताच्या कथा असलेली रोमन लिपीतील हस्तलिखिते पोर्तुगालमधील ब्रागा येथील ग्रंथालयात आजही आहेत. परधर्मीय पाद्र्यांनी देशी भाषा शिकण्याच्या हेतूने ती उतरवून घेतली. ज्या कथांवर इकडे बंदी होती त्याच कथा तिकडे जपल्या गेल्या, हा इतिहासाचा एक विलक्षण न्याय होय.

लोकांच्या अंतःकरणात पुराणश्रवणाची ओढ किती खोल होती, याची दुसरी साक्ष फादर टॉमस स्टीफन्स यांच्या 'क्रिस्तपुराणा'त मिळते. हे इंग्रज जेझुइट १५७९ मध्ये गोव्यास आले आणि त्यांचा ग्रंथ १६१६ साली रायतूर येथे छापला गेला. सुमारे अकरा हजार ओव्यांचा हा ग्रंथ मराठीत आहे. ग्रंथाच्या आरंभीच नवख्रिस्ती झालेला एक ब्राह्मण पाद्रीला विचारतो की, आमची जुनी पुराणे तर वर्ज्य झाली, मग त्यांच्या जागी आम्हाला दुसरे पुराण का देत नाही? या प्रश्नात फार मोठे दुःख साठलेले आहे. धर्म बदलला होता, नाव बदलले होते. पण सायंकाळी चार माणसांनी एकत्र बसून ओवीबद्ध कथा ऐकावी ही तहान बदललेली नव्हती. ती भागविण्यासाठी ख्रिस्तकथेलाही ओवीचाच वेष घ्यावा लागला.

पुढे बंधने अधिकच आवळली गेली. २७ जून १६८४ रोजी व्हाइसरॉयने फर्मान काढून देशी भाषेचा त्याग करण्यास आणि पोर्तुगीज शिकण्यास तीन वर्षांची मुदत दिली. १४ एप्रिल १७३६ रोजी इन्क्विझिशनने एक सविस्तर जाहीरनामा काढून ख्रिस्ती झालेल्या लोकांना पूर्वीच्या अनेक चालीरीतींची मनाई केली. त्यात विवाहप्रसंगी ओव्या गाण्याची मनाई आहे, देशी वाद्ये वाजविण्याची आहे आणि तुळशीचे रोप लावण्याचीही आहे. या जाहीरनाम्याकडे दोन दृष्टींनी पाहता येते. जुलमाचा पुरावा म्हणून तर तो आहेच. परंतु जी गोष्ट लोक करीतच नाहीत, तिची मनाई करण्याचे श्रम कोणी घेत नाही. धर्मांतराला पावणेदोनशे वर्षे उलटून गेल्यावरही साष्टी-बारदेशातील घरांत लग्नाच्या वेळी बायका ओव्या गात होत्या, हे त्या जाहीरनाम्याने नकळत नोंदवून ठेवले आहे. या स्त्रियांपैकी एकीचेही नाव इतिहासाला ठाऊक नाही. त्यांची स्मृती जपली ती त्यांना गप्प करू पाहणाऱ्या कागदाने.

नदीपलीकडे, अंत्रुजात, निराळे चित्र होते. तेथे देवांची नवी घरे उभी राहिली. प्रथम ती साधीच होती. पुढे पेशवाईच्या काळात काहींना भव्य रूप आले. वर्षाचा क्रम पुन्हा बसला. श्रावणात भजन, कार्तिकात काला, फाल्गुनात शिगमो, सोमवारी वा शुक्रवारी पालखी, आणि आरतीच्या वेळी घुमट, शामेळ व कासाळे यांचा घोष. मातीच्या घटाला चामडे ताणून केलेले हे घुमट गोमंतकाच्या इतिहासाचे प्रतीकच मानता येईल; कारण देवळातील आरतीत ते वाजते, तसेच ख्रिस्ती घरातील मांडो गाताना त्याच्यावर ताल धरला जातो. धर्माच्या भिंतीने घरे विभागली, पण ताल विभागला गेला नाही. शिवोलीचा जागोर नाताळानंतर हिंदू व ख्रिस्ती दोघे मिळून आजही करतात, त्याच्या मुळाशी हीच जुनी सामायिक स्मृती आहे.

या ठिकाणी एका गोष्टीचा उल्लेख टाळणे अन्यायाचे होईल. देवळांतील संगीत ज्यांनी पिढ्यान्‌पिढ्या जिवंत ठेवले त्या कलावंत स्त्रियांना आणि साथीच्या वादकांना समाजाने तदनुरूप मान दिला नाही. ज्यांच्या स्वरांनी इतरांच्या मनाला उभारी दिली, त्यांच्या स्वतःच्या कन्यांना मात्र विवाहाचा, शिक्षणाचा आणि प्रतिष्ठेचा मार्ग दीर्घकाळ बंद होता. विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात राजाराम पैंगीणकर यांच्यासारख्या पुरुषांनी आणि गोमंतक मराठा समाजाने हा मार्ग खुला करण्यासाठी झगडा दिला. केरीच्या केसरबाई केरकर (१८९२–१९७७) आणि कुर्डीच्या मोगूबाई कुर्डीकर (१९०४–२००१) या गायिका याच भूमीत जन्मल्या. १९७७ साली 'व्हॉयेजर' अंतराळयानाबरोबर पाठविलेल्या ध्वनिमुद्रिकेत भारतातर्फे केसरबाईंचा स्वर गेला. मंदिराच्या चौकातून निघालेला स्वर नक्षत्रलोकापर्यंत पोहोचला, याचा अभिमान बाळगताना त्या चौकातील उपेक्षेचेही स्मरण ठेवणे हे कृतज्ञतेचे लक्षण होय.

एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस संकटाने निराळे रूप घेतले. मुरगाव बंदर आणि तेथून घाटमाथ्याकडे जाणारा लोहमार्ग यांची उभारणी १८८० नंतरच्या दशकात झाली आणि शेजारचे वास्को गाव झपाट्याने वाढू लागले. हमाल, कारकून, दुकानदार, कारागीर, खलाशी असे नाना गावांचे लोक तेथे आले. या वस्तीला पुरातन ग्रामदेवता नव्हती, महाजनांची परंपरा नव्हती, एकमेकांची ओळखही फारशी नव्हती. १८९६ मध्ये मुंबईत प्लेग उद्भवला आणि पश्चिम किनाऱ्यावर भीतीचे सावट पसरले. परंपरेनुसार, १८९८-९९ च्या सुमारास वास्कोत महामारीची साथ आली व माणसे पटापट दगावू लागली. तेव्हा काही भाविक जांबावलीस श्रीदामोदराच्या चरणी गेले, तेथून प्रसादाचे श्रीफळ घेऊन आले, वास्कोत त्याची स्थापना केली आणि अखंड भजनास आरंभ केला. साथ ओसरली. तेव्हापासून दरवर्षी श्रावण शुद्ध सप्तमीस तेथे दामोदर भजनी सप्ताह होतो. जुने श्रीफळ सागरात विसर्जित करून नवे स्थापिले जाते.

या सप्ताहाची रचना पाहण्यासारखी आहे. अहोरात्र चोवीस तास भजनाचा स्वर खंडू द्यावयाचा नाही, हा त्याचा मुख्य नेम. एक मंडळी थकली की दुसरी टाळ हाती घेते. वास्कोतील निरनिराळे समाज आणि व्यावसायिक आपापला 'पार' काढतात. व्यापाऱ्यांचा पार, नाभिकांचा पार, दैवज्ञांचा पार, असे अनेक. हे पार वाजतगाजत मिरवणुकीने येतात, नामवंत गायकांना पाचारण होते, रात्रभर अभंग व गौळणी रंगतात आणि दुसऱ्या दिवशी गोपाळकाल्याने समाप्ती होते. भोवती भरणारी जत्रा पुढे कित्येक दिवस चालते. ज्यांचे गाव एक नव्हते, जात एक नव्हती, धंदा एक नव्हता, त्या सर्वांना 'आपली पाळी केव्हा' या एका प्रश्नाने बांधून टाकले.

साथ भजनामुळे ओसरली की अन्य कारणांनी, हा निर्णय देणे इतिहासाच्या कक्षेतले नाही. भाविकांची श्रद्धा आपल्या ठिकाणी आहे आणि वैद्यकशास्त्र आपल्या. परंतु एक गोष्ट निःसंशय सांगता येते. महामारी प्रथम शेजाऱ्याला शेजाऱ्यापासून तोडते. दार लागते, हाक मारली तरी ओ येत नाही, प्रेताला खांदा मिळत नाही. अशा वेळी अखंड भजनाचा नेम म्हणजे प्रत्येक प्रहराला कोणीतरी जागे आहे याची ग्वाही होय. अंधारात पडून राहिलेल्या रुग्णाला दुरून टाळांचा नाद ऐकू येत राहिला, तर गाव अजून उठून गेलेले नाही एवढे त्याला कळते. आशेचा आरंभ बहुधा इतक्याच अल्प गोष्टीपासून होतो.

२०२० साली कोरोनाच्या साथीमुळे या उत्सवाची कसोटी लागली. महामारीतून जन्मलेला सप्ताह दुसऱ्या महामारीत सापडला. त्या वर्षी जत्रा व गर्दी वर्ज्य करून मोजक्या सेवेकऱ्यांनी साधेपणाने उत्सव केला. पूर्वजांनी एकत्र येऊन जे साधले, ते वंशजांनी दूर राहून साधले. नेमाचे बाह्य रूप पाळावयाचे की त्याचा हेतू, असा प्रश्न जेव्हा उभा राहतो तेव्हा हेतूच्या बाजूने उभे राहणे हेच परंपरेचे खरे पालन होय.

ओवीपासून भजनापर्यंतचा हा इतिहास पाहता एक सूत्र दिसून येते. गोमंतकात संकटकाळी जी कला टिकली ती बहुतेक अशी होती, की जिच्यासाठी वेगळे धन लागत नसे आणि जिच्यात ऐकणाऱ्यालाही गाता येई. जात्यावर बसलेली सासुरवाशीण, काल्यात नाचणारा शेतकरी, भजनात टाळ धरणारा हमाल हे कलेचे प्रेक्षक नव्हते, तिचे धनी होते. म्हणूनच राजाश्रय गेला तरी ती गेली नाही. मठ आणि मंदिरे यांनी या कलेला छप्पर दिले, तिथी दिली, शिस्त दिली; तिच्यात प्राण मात्र या अनामिकांनी ओतला.

आज मठाच्या महोत्सवात सभामंडप दिव्यांनी उजळेल, ध्वनिक्षेपकावरून स्वर दूरवर जाईल. त्या वेळी मागच्या रांगेत बसलेल्या एखाद्या बालकाच्या हाती कोणी टाळांची जोडी दिली आणि ठेका चुकला तरी त्याला गाऊ दिले, तर या पाच शतकांच्या वारशाचे जतन झाले असे समजावे. पुढील संकट कोणत्या रूपाने येईल हे कोणालाच सांगता येत नाही. परंतु त्या वेळी आधाराला येणारे पद आजच पाठ झालेले असले पाहिजे.