पैनगंगेची मरळ

पूर्वेस वर्धा व दक्षिणेस पैनगंगा अशा दोन नद्यांच्या कुशीत यवतमाळ जिल्हा वसला आहे. या पाण्यावर आपल्या भोई समाजाच्या कित्येक पिढ्या जगल्या. सर्वांत रुचकर मासा कोणता, असे कोणी विचारल्यास आमचे उत्तर एकच : मरळ, आणि तिच्या खालोखाल वाम. मरळीचे मांस घट्ट व काटे थोडे. ती हवेतूनही श्वास घेते. म्हणून आटत्या डोहात तग धरते व बाजारात जिवंत पोहोचते.

१९५७ साली हिरालाल चौधरी यांनी ओडिशात पीयूषिका ग्रंथीचा अर्क टोचून माशांची वीण घडविली. तेव्हापासून रोहू, कटला, मृगळ यांचे बीज सुलभ झाले. १९७१ साली पुसदजवळ पूस नदीवर धरण झाले. अशा जलाशयांच्या मासळीने अनेक चुली पेटत्या ठेवल्या, हे आम्ही कृतज्ञतेने मान्य करतो. परंतु ही मासळी साचल्या पाण्यात सहसा वीत नाही. बीज पुनःपुन्हा आणावे लागते. मरळ मात्र उथळ पाण्यात स्वतः विते व पिलांची राखण करते. पावसाळ्यात तांबूस पिलांचा थवा दिसला की मरळ खाली असतेच. तिला तेव्हा मारणे म्हणजे सारा थवा अनाथ करणे होय. त्या दिवसांत तिच्यावर जाळे टाकू नये, हीच ज्ञातिबांधवांस आमची विनंती.