ड्रायर सुरू होत नाही तेव्हा

पावसाळ्याच्या ऐन भरात कपडे वाळवण्याचे यंत्र बंद पडले की घरातली पहिली शंका मोटार जळाल्याची असते. प्रत्यक्षात बिघाड बहुधा मोटारीच्या अलीकडेच कुठेतरी असतो. ड्रायरमध्ये वीज, उष्णता आणि वेगाने फिरणारा ड्रम एकत्र नांदत असल्याने मोटारीपर्यंत पोहोचण्यापूर्वी विजेला अनेक चौक्या ओलांडाव्या लागतात. दार नीट लागले आहे का, आतली हवा प्रमाणाबाहेर तापली नाही ना, ड्रमचा पट्टा शाबूत आहे ना, यांपैकी एका जरी प्रश्नाचे उत्तर प्रतिकूल आले तरी सर्किट तुटते आणि यंत्र गप्प बसते. ते का चालत नाही याचा शोध म्हणजे त्याला कोणत्या चौकीने अडवले याचा शोध होय.

भारतात ‘ड्रायर’ हा शब्द दोन निरनिराळ्या यंत्रांना लावला जातो. बहुसंख्य घरांत तो सेमी-ऑटोमॅटिक वॉशिंग मशीनच्या शेजारच्या अरुंद टबला उद्देशून वापरतात. हा टब कपडे तापवत नाही. गरगर फिरवून त्यांतले पाणी बाहेर फेकतो. दुसरा म्हणजे गरम हवेवर चालणारा टंबल ड्रायर. मुंबई, कोकण, गोवा, कोची, शिलाँग अशा दीर्घ पावसाच्या प्रदेशांतील सदनिकांमध्ये तो उपयोगी पडतो. दोन्हींची अंतर्रचना वेगळी असली तरी तपासणीची सुरुवात एकाच ठिकाणाहून होते, ते म्हणजे भिंतीवरचे सॉकेट.

सॉकेटमध्ये वीज आहे की नाही हे पाहण्यासाठी अनेक घरांत टेस्टर लावला जातो. टेस्टरचा दिवा लागला तरी केवळ फेज जिवंत असल्याचे कळते. न्यूट्रलची तार तुटलेली असेल तर दिवा लागूनही यंत्र चालणार नाही. मोबाइलचा चार्जर लावून पाहणेही पुरेसे नाही. सैल झालेला किंवा काजळलेला संपर्क चार्जरपुरती वीज पुरवतो, मोठा भार येताच मात्र दगा देतो. त्याच सॉकेटवर इस्त्री लावून ती नीट तापते का, हे पाहणे अधिक विश्वसनीय. २,३०० वॉटचा टंबल ड्रायर २३० व्होल्टवर सुमारे १० अँपिअर विद्युतप्रवाह घेतो. त्यामुळे त्याला १६ अँपिअरचा स्वतंत्र पॉवर प्लगच लागतो. ६ अँपिअरच्या सॉकेटवर अ‍ॅडॉप्टर बसवून किंवा एक्स्टेन्शन बोर्डाला जोडून तो चालवला, तर प्लगच्या पिना काळ्या पडणे, प्लास्टिक वितळणे हे ओघाने येते. प्लग काढून पिनांचा रंग पाहणे ही म्हणूनच पहिल्या तपासणीची गोष्ट आहे.

मीटरपेटीतील एमसीबी खाली पडला असेल तर तो एकदा वर करून पाहण्यास हरकत नाही. ड्रायरचा प्लग काढल्यावर तो टिकतो आणि लावताच पुन्हा पडतो, असे आढळल्यास दोष यंत्रात आहे आणि तो शॉर्ट सर्किटचा असू शकतो. आरसीसीबी पडत असेल तर अर्थ वेगळा. वीज ठरलेला मार्ग सोडून अर्थिंगकडे गळत असल्याची ती खूण आहे. घरगुती वापरात हे उपकरण साधारणतः ३० मिलीअँपिअरच्या गळतीला प्रतिसाद देते आणि त्यामुळेच माणूस वाचतो. दमट हवेत ओलावलेले हीटर, उंदरांनी कुरतडलेली तार किंवा मोटारीवर ठिबकणारे पाणी ही त्याची नेहमीची कारणे. पुनःपुन्हा खटका वर करून ‘आता टिकेल’ अशी आशा बाळगणे धोक्याचे ठरते. अशा वेळी प्लग काढून ठेवावा व कारागिराला बोलवावे.

वीज व्यवस्थित असूनही टंबल ड्रायर सुरू होत नसेल, तर खोलात जाण्यापूर्वी पुढच्या पॅनेलकडे नीट पाहावे. चाइल्ड लॉक चुकून दाबले गेलेले असते किंवा उशिरा सुरू होण्याची वेळ लावलेली असते. ज्या कंडेन्सर प्रकारच्या यंत्रांत कपड्यांतले पाणी टाकीत साठते, त्यांतील अनेक यंत्रे टाकी भरली की थांबतात. हीट पंपावर चालणारे यंत्र घर बदलताना आडवे झाले असल्यास पुस्तिकेत सांगितलेले तास ते सरळ उभे ठेवल्याशिवाय चालू करू नये. यानंतर दार. दार लावताना होणारा बारीकसा ‘टक्’ आवाज ऐकू येत नसेल तर दाराची खिट्टी झिजलेली किंवा आतील स्विच निकामी झालेला असण्याची शक्यता मोठी. चादरीचा एखादा कोपरा दारात अडकला तरी परिणाम तोच.

प्लग काढून ड्रम हाताने फिरवून पाहिल्यास बरेच काही उमगते. ड्रम काहीही विरोध न करता भिंगरीसारखा फिरला तर पट्टा तुटलेला असतो. काही यंत्रांत पट्टा तुटताच मोटारीची वीज तोडणारा स्विच बसवलेला असतो, त्यामुळे पट्ट्याचा दोष मोटारीचा भासतो.

सर्वांत जास्त गैरसमज आहे तो थर्मल फ्यूजविषयी. गरम हवेच्या मार्गावर बसवलेला हा छोटा भाग तापमान मर्यादेबाहेर गेले की कायमचा तुटतो. काही यंत्रांत त्याने केवळ हीटर बंद होतो, तर काहींत यंत्र सुरूच होत नाही. प्लग काढून, दोन्ही तारा सोडवून मल्टिमीटरने तपासल्यास चांगल्या फ्यूजचा रोध जवळजवळ शून्य दिसतो. तो जळाल्यास नवा बसवणे अवघड नाही; पण तो का जळाला, या प्रश्नाचे उत्तर न शोधता बसवलेला नवा फ्यूजही लवकरच जातो. उत्तर बहुतेकदा तंतूंत सापडते. कपड्यांतून सुटणारे तंतू जाळीत साचतात, जाळीतून निसटलेले हवेच्या नळीत बसतात. ड्राय बाल्कनीतल्या अपुऱ्या जागेत यंत्र भिंतीला भिडवून ठेवले की मागची नळी चेपते. हवा कोंडते, तापमान चढते. हे तंतू कापसासारखे झटकन पेटतात. अमेरिकेच्या अग्निशमन प्रशासनाच्या अहवालानुसार २००८ ते २०१० या काळात तेथील निवासी इमारतींमध्ये दरवर्षी ड्रायरमुळे लागलेल्या आगींची संख्या सुमारे २,९०० होती, आणि यंत्राची स्वच्छता न राखणे हे त्यांचे अग्रगण्य कारण होते.

याच टप्प्यावर आपल्याकडे एक शब्द कानी पडतो, ‘डायरेक्ट’. दाराचा स्विच वा थर्मल फ्यूज काढून दोन तारा एकमेकींना पिळून जोडायच्या की यंत्र सुरू होते; खर्च नगण्य आणि ग्राहकही खूश. मात्र त्यानंतर दार उघडले तरी ड्रम थांबत नाही आणि हवा कितीही तापली तरी फ्यूजची राखण उरलेली नसते. सुटा भाग मिळेपर्यंत दोन दिवस कपडे दोरीवर वाळवलेले बरे. दुरुस्तीनंतर ‘काही डायरेक्ट केले आहे का’ असे कारागिराला स्पष्ट विचारावे आणि जुना भाग मागून घ्यावा.

सेमी-ऑटोमॅटिक यंत्राच्या स्पिन टबचे दुखणे अधिक साधे असते. झाकण बंद झाल्यावर दोन कामे होतात. आतला स्विच जुळतो आणि ब्रेकची तार ओढली जाऊन ब्रेक सुटतो. टाइमर फिरवल्यावर काहीच आवाज नसेल तर संशय झाकणाच्या स्विचवर किंवा टाइमरवर. टाइमरची टिकटिक ऐकू येते म्हणजे वीज येते, असे मात्र नव्हे. अनेक यंत्रांतला टाइमर किल्लीच्या घड्याळाप्रमाणे स्प्रिंगवर चालतो.

गुणगुण ऐकू येते पण टब फिरत नाही, हे लक्षण वेगळे. मोटारीला वीज मिळते आहे, मात्र तिला पहिला रेटा मिळत नाही किंवा कोणीतरी तिला धरून ठेवले आहे. प्लग तत्काळ काढावा, कारण अडलेल्या मोटारीचे वाइंडिंग लवकर तापते आणि दोन-तीनशे रुपयांत भागणारे काम मोटार बदलण्यावर जाते. टबच्या कडेवरून खाली निसटलेला मोजा किंवा हातरुमाल हे कारण सर्वांत हास्यास्पद, आणि वारंवार आढळणारे. तसे नसेल तर ब्रेकची तार सैल झालेली असते किंवा कपॅसिटर दुबळा झालेला असतो. झाकण उघडे असताना ब्रेक लागलेला असतो, त्यामुळे तेव्हा टब हाताला जड लागला म्हणून तो जाम झाला असे समजू नये. कपॅसिटर बदलताना त्यावर छापलेले मायक्रोफॅरड आणि व्होल्ट पाहूनच नवा घ्यावा. प्लग काढल्यानंतरही त्यात विद्युतभार शिल्लक राहू शकतो, म्हणून अनभ्यस्त व्यक्तीने त्याला हात लावू नये. स्पिन टबखालील रबरी सील फाटले असेल तर पाणी थेट मोटारीवर पडते. अशा यंत्रात कपॅसिटर बदलून उपयोग होत नाही, आधी सील बदलावे लागते.

यंत्र वॉरंटीत असेल तर मागचे पॅनेल घरी उघडू नये, कारण त्यावरून दावा नाकारला जाऊ शकतो. केंद्राच्या ग्राहक व्यवहार विभागाने डिसेंबर २०२२ मध्ये सुरू केलेल्या ‘राइट टू रिपेअर’ पोर्टलवर सहभागी कंपन्यांची दुरुस्ती व वॉरंटीविषयक माहिती दिलेली आहे. सेवाकेंद्र दाद देत नसल्यास राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनच्या १९१५ या क्रमांकावर तक्रार नोंदवता येते. त्यासाठी खरेदीची पावती, यंत्राचा अनुक्रमांक आणि आधीच्या तक्रारीचा क्रमांक हाताशी ठेवावा.